टोपलीतला विषय : पदवी अभ्यासक्रमातल्या ‘ऐच्छिक’चा शोध

मराठीत ‘ऐच्छिक’ या शब्दाला दोन अर्थ चिकटले आहेत. कोशातला अर्थ सरळ आहे : ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले. शाळा-कॉलेजातला अर्थ निराळा. तिथे एखादा विषय ऐच्छिक आहे असे म्हटले की ऐकणाऱ्याला लगेच कळते, याचे गुण फारसे धरत नाहीत, याचा तास दिवसाच्या शेवटी असतो, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांकडे जातो. पहिला अर्थ स्वातंत्र्याचा, दुसरा हलकेपणाचा. हे दोन अर्थ एकमेकांत कधी आणि कसे मिसळले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

निमित्त ताजे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवीसाठी श्रेयांकांची चौकट ठरवून दिली, आणि आता तालुक्याच्या गावी प्रथम वर्षाला आलेल्या मुलामुलींपुढेही ‘बास्केट’ ठेवली जाते. मेजर, मायनर, कौशल्याचे विषय आणि त्यांच्या जोडीला ‘ओपन इलेक्टिव्ह’, कॉलेजच्या बोलीत ‘ओई’. ओईची अट अशी की तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा असला पाहिजे. भौतिकशास्त्राच्या मुलीने कला किंवा वाणिज्यातला काही घ्यावा, मराठीच्या मुलाने विज्ञानातला. ज्या व्यवस्थेत दहावीचा निकाल लागल्यावर काही दिवसांत मुलाला एका शाखेच्या डब्यात बसवतात आणि मधल्या स्टेशनावर उतरू देत नाहीत, तिथे ही अट कागदावर तरी क्रांतीच म्हणायला हवी.

गेल्या दोन वर्षांत मी काही महाविद्यालयांच्या ओईच्या याद्या मिळवून वाचल्या. दैनंदिन जीवनातले रसायनशास्त्र, आयकराची मूलतत्त्वे, भारतीय कलेचा परिचय, शहरातल्या एखाद्या कॉलेजात प्राथमिक स्पॅनिश. याद्या वाचताना माझ्यासारख्याला हेवा वाटला. मी वाणिज्य शाखेचा, तोही बारावीपर्यंतच नियमित. पुढची पदवी बाहेरून घेतली आणि पोटासाठी करसल्लागाराच्या कचेरीत वह्या लिहिल्या. मी ज्या कॉलेजात दोन वर्षे काढली, तिथल्या ग्रंथालयात वाणिज्य शाखेच्या कार्डावर कला विभागाची पुस्तके मिळत नसत. लेण्यांवरचे एक सचित्र पुस्तक काचेच्या कपाटात होते. ते मी दोन वर्षे बाहेरून पाहिले. आज त्याच विषयाला श्रेयांक मिळतात हे वाचून बरे वाटणे साहजिक आहे.

पण यादीनंतर मी अभ्यासपत्रिका वाचल्या आणि उत्साह ओसरला. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रभरात ३० तास. त्या ३० तासांत भारतीय कलेचा परिचय सिंधू संस्कृतीपासून सुरू होऊन बंगाल शाळेपर्यंत पोचतो. आयकराच्या पत्रिकेत व्याख्या, उत्पन्नाची पाच शीर्षके, वजावटी आणि विवरणपत्र भरण्याचे प्रात्यक्षिक. रसायनशास्त्रात साबण, खते, औषधे, प्लास्टिक. यातले काहीही चुकीचे नाही. पण मेजरच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम घ्यायचा, त्यातले अवघड काढून टाकायचे आणि उरलेल्याला ‘परिचय’ म्हणायचे, अशी ती कृती आहे. पाणी घालून वाढवलेल्या आमटीत डाळ शोधावी लागते, तसे इथे विषय शोधावा लागतो.

हे आपल्याकडेच घडते आहे असे नाही. ऐच्छिक विषयांची व्यवस्था जिथे वाढली त्या अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी हा सगळा प्रवास शे-दीडशे वर्षांपूर्वी केला आहे, आणि त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. आपल्याकडच्या चर्चेत त्यातला स्वातंत्र्याचा भाग तेवढा सांगितला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतले कॉलेज म्हणजे ग्रीक, लॅटिन, गणित आणि थोडे नीतिशास्त्र. सर्वांना तेच, त्याच क्रमाने. १८२८ साली येल कॉलेजच्या अध्यापकांनी या पद्धतीच्या समर्थनार्थ एक प्रसिद्ध अहवाल लिहिला. बुद्धीला आधी वळण लावावे, मग ती भरावी, आणि वळण लावायला अभिजात भाषांइतके दुसरे साधन नाही, असा त्याचा आशय. हार्वर्डमध्ये याच सुमारास जॉर्ज टिकनर नावाचा गृहस्थ उलट दिशेने धडपडत होता. जर्मनीत गटिंगेनला शिकून, स्पेनमध्ये हिंडून तो परतला आणि १८१९ मध्ये फ्रेंच व स्पॅनिशच्या नव्या अध्यासनावर बसला. विद्यार्थ्यांना निवड असावी, ज्याची तयारी असेल त्याला पुढे जाऊ द्यावे, वर्षाच्या पट्ट्यात सर्वांना बांधू नये, असा त्याचा आग्रह. १८२५ मध्ये त्याच्या सुधारणा नावापुरत्या मान्य झाल्या, पण इतर विभागांनी त्या बाजूला सारल्या आणि एकट्या आधुनिक भाषांच्या विभागात त्या टिकल्या.

मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. स्पॅनिशच्या वर्गात हे स्वातंत्र्य चालू शकले याचे एक कारण, माझ्या मते, हे की स्पॅनिशला कॉलेजात प्रतिष्ठाच नव्हती. ग्रीक सक्तीचे होते, कारण ते मोठे होते. स्पॅनिश ऐच्छिक होते, कारण ते आले काय नि गेले काय. आरंभीच्या प्रयोगातच स्वातंत्र्य आणि हलकेपणा एका बाकावर बसले. टिकनरने १८३५ मध्ये राजीनामा दिला आणि घरी बसून स्पॅनिश साहित्याचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. तो १८४९ मध्ये आला.

आपल्याकडे याची उलटी प्रत पाहायला मिळते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले. तिथल्या अभ्यासक्रमात मराठीचे स्थान इतके डळमळीत राहिले की न्यायमूर्ती रानड्यांना, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाला, देशी भाषांना जागा मिळावी म्हणून आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. बॉस्टनमध्ये स्पॅनिशला जी वागणूक मिळत होती ती मुंबईत मराठीला, तीही मराठी मुलखात.

पुढची कथा चार्ल्स एलियटची. १८६९ मध्ये पस्तिशीतला हा रसायनशास्त्रज्ञ हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि चाळीस वर्षे, १९०९ पर्यंत, त्या खुर्चीवर राहिला. साहित्य आणि विज्ञान यांत वैर मानण्याचे कारण नाही, दोन्ही शिकवू आणि उत्तम शिकवू, ही त्याची भूमिका त्याने पहिल्याच भाषणात मांडली. एकेक करत त्याने सक्तीचे विषय काढून टाकले. शतकाच्या अखेरीस पदवीसाठी सक्तीचे म्हणून पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनापलीकडे जवळजवळ काही उरले नव्हते. १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला. मॅकॉशचा मुद्दा थोडक्यात असा : अठरा वर्षांच्या मुलाला मोकळे सोडले तर तो सोपे तेच उचलील. एलियटचे उत्तर असे की अठराव्या वर्षी ज्याला निवडता येत नाही त्याला ते कधीच येणार नाही, आणि निवडीशिवाय मन लावून अभ्यास होत नाही.

या वादात माझे मन एलियटकडे झुकते. पण पुरावा मॅकॉशच्या बाजूने गेला हे लपवण्यात अर्थ नाही. १८९८ च्या तुकडीची पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी मुख्यतः प्राथमिक पायरीचेच अभ्यासक्रम घेतलेले आढळले. १९०३ मध्ये हार्वर्डच्याच एका समितीला दिसले की अध्यापक समजत होते त्याहून विद्यार्थी पुष्कळ कमी अभ्यास करतात. एलियटनंतर आलेल्या अॅबट लॉरेन्स लोवेलने मग दोर आवळला. पदवीच्या सोळा अभ्यासक्रमांपैकी किमान सहा एका क्षेत्रात, आणि आणखी काही ठरवून दिलेल्या इतर गटांत विखुरलेले. आपली मेजर आणि बास्केट ही त्याच मांडणीची नातवंडे आहेत. लोवेलचे गोडवे गाण्याची मात्र गरज नाही. कोणता विषय घ्यावा याचा असा काटेकोर विचार करणाऱ्या या माणसाने ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरच मर्यादा घालण्याचा प्रयत्न १९२२ मध्ये केला. टोपलीत काय असावे हा प्रश्न टोपलीजवळ कोणाला येऊ द्यायचे या प्रश्नानंतरचा असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता पेच असा दिसतो : सक्ती केली तर मन लागत नाही, मोकळीक दिली तर सोपे उचलले जाते. हा पेच खरा आहे, पण चुकीच्या जागी मांडलेला आहे. दोन्ही पक्ष विद्यार्थ्याकडे पाहत आहेत. माझे म्हणणे असे की ऐच्छिक विषयाचे बरेवाईट, तो विषय बाहेरच्याला सांगताना अध्यापकाने स्वतःच्या विषयाला कोणता प्रश्न विचारला, यावर ठरते. यासाठी एक उदाहरण जरा तपशिलाने पाहू.

१९३३ ते १९५३ या काळात हार्वर्डचे अध्यक्ष असलेले जेम्स कोनंट हेही रसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामावर देखरेख करणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. युद्ध संपल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता तो वकिलांचा, आमदारांचा, व्यापाऱ्यांचा. उद्या हेच लोक विज्ञानावर कोट्यवधी खर्च करायचा की नाही हे ठरवणार, आणि विज्ञान चालते कसे याची त्यांना कल्पना नाही. त्यांना रसायनशास्त्राचा परिचय करून देऊन काय साधणार? मूलद्रव्यांची कोष्टके तर परीक्षेनंतर महिन्याभरात विसरली जातात. कोनंटनी ठरवले की निष्कर्षांची यादी द्यायची नाही. जुन्या काळातले दोन-चार प्रसंग घ्यायचे आणि त्यांत खोल उतरायचे. बॉईलचा हवा उपसण्याचा पंप आणि त्यातून निघालेले वाद. फ्लोजिस्टनचा सिद्धान्त. जळताना पदार्थातून काहीतरी बाहेर पडते असे शहाणीसुरती माणसे का मानत होती आणि ते मत कसे कोसळले. जुने प्रसंग अशासाठी की त्यांना गणित कमी लागते, आणि विज्ञानातला गोंधळ, चुकीचे अंदाज, हट्ट हे सगळे उघडे दिसते. ‘ऑन अंडरस्टँडिंग सायन्स’ या १९४७ च्या पुस्तकात त्यांनी ही कल्पना मांडली आणि विज्ञानेतर शाखांच्या मुलांसाठी तसा अभ्यासक्रम सुरू केला.

या वर्गासाठी त्यांनी हाताशी घेतलेल्या तरुणांत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करणारा एक विद्यार्थी होता, टॉमस कून. गतिशास्त्राचा प्रसंग तयार करण्यासाठी त्याने अॅरिस्टॉटल वाचायला घेतला. आधी त्याला वाटले, इतका हुशार माणूस गतीविषयी इतके असंबद्ध कसे लिहितो? मग एकदा त्याच्या ध्यानात आले की अॅरिस्टॉटल असंबद्ध लिहीत नाही, तो ‘गती’ हा शब्दच वेगळ्या अर्थाने वापरतो. त्याच्या जागी उभे राहिले की सगळे जुळते. तिथून निघालेल्या विचाराचे पुस्तक १९६२ मध्ये आले : ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स’. ते कोनंटना अर्पण केलेले आहे. ‘पॅराडाइम’ हा शब्द आज आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या शिबिरांतसुद्धा ऐकू येतो. त्याचे मूळ कला शाखेच्या मुलांना विज्ञान शिकवण्याच्या तयारीत आहे, हे तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

या उदाहरणातून मला दिसते ते असे. परक्या विद्यार्थ्याला शिकवायचे म्हणून कोनंटनी विषय सोपा केला नाही, दुसऱ्या बाजूने उघडला. मेजरच्या विद्यार्थ्याला जे प्रश्न विचारायची सवड नसते (हे आपण खरे का मानतो? याआधी काय मानत होतो?) तेच प्रश्न बाहेरचा विद्यार्थी सहज विचारतो. त्यांची उत्तरे देण्यासाठी अध्यापकाला आपल्या विषयाच्या पायाशी जावे लागते. म्हणून ऐच्छिक विषय शिकवणे हे मेजर शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. आपल्याकडे ते बहुधा तासिका तत्त्वावरच्या, जूनमध्ये नेमलेल्या आणि मार्चमध्ये मोकळ्या झालेल्या तरुण माणसाच्या गळ्यात पडते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तासागणिक पैसे मिळणाऱ्याने अॅरिस्टॉटल कधी वाचावा?

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहायचे तर उदाहरण घरचेच आहे. १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. हे पदव्युत्तर शिक्षण होते, पदवीपूर्व नव्हे, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. तरीही पोतडीत कोणी काय भरले हे पाहण्यासारखे आहे.

मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि त्यातही सार्वजनिक वित्त. शिक्षक एडविन सेलिग्मन, कर या विषयातले त्या काळचे मोठे नाव. १९११ मध्ये त्यांचा आयकरावरचा ग्रंथ आला होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन संघराज्याला आयकर बसवण्याचा अधिकार मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये तसा कायदा झाला. साधा दर एक टक्का, आणि एकट्या माणसाला तीन हजार डॉलरपर्यंत माफी. म्हणजे आंबेडकर कोलंबियात रुळत होते त्याच हंगामात त्या देशात, कोणी किती द्यावे आणि का, यावर रणे माजून नुकता निकाल लागला होता. हिंदुस्थानात आयकर जेम्स विल्सनने १८६० मध्येच आणला होता, पण तो देणाऱ्याला न विचारता. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायचा होता. कर कोण बसवतो आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न आंबेडकरांच्या ‘इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स’च्या (१९२५) मुळाशी आहे. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका ज्यांनी शिष्यवृत्ती दिली त्या सयाजीराव गायकवाडांना.

करसल्लागाराच्या टेबलाशी बसून मी विवरणपत्रे पुष्कळ भरली. ते कौशल्य आहे आणि त्यावर घर चालते. पण कलम आणि तारीख दर अर्थसंकल्पात बदलते. विसाव्या वर्षी पाठ केलेल्या वजावटी पंचविसाव्या वर्षी निरुपयोगी होतात. बदलत नाही तो प्रश्न फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विचारला होता : शेतकऱ्याकडून गोळा होते ते जाते कुठे? कराचा ओई या प्रश्नापासून सुरू करता येतो. मी वाचलेल्या एकाही पत्रिकेत तो नव्हता.

आंबेडकरांच्या यादीतला खरा धक्का मात्र त्या २९ मध्ये नाही, त्या चारमध्ये आहे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात शोधणारा आणि स्त्रियांवरच्या निर्बंधांशी त्याचा सांधा जोडणारा हा निबंध मुख्य विषयाच्या वर्गातला नव्हे, कडेच्या विषयातला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चार अभ्यासक्रम घेता आले नसते तर हा निबंध कुठल्या वर्गात वाचला गेला असता? विचार त्यांचाच होता आणि तो कुठेतरी फुटून बाहेर आला असताच, यात शंका नाही. पण त्याला पहिले व्यासपीठ जोडविषयाने दिले, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात १९०७ मध्ये जन्म. वडील धर्मानंद पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले तेव्हा हा मुलगा सोबत होता. पुढे तो हार्वर्डमध्येच पदवीला बसला, लोवेलच्या राजवटीत. तिथले नामवंत गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्याला गणितावर लक्ष एकवटायला सांगितले, पण त्याने निरनिराळे विषय घेतले आणि सगळ्यांत चमकला, असे चरित्रकार सांगतात. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून तो परतला. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता संख्याशास्त्राचा वापर कशावर करावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तागडीत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, तेव्हा वजनांच्या विखुरण्यावरून त्याचे चलनातले वय काढता येईल. नाण्यांवरून राजे, राजांवरून साधने, साधनांवरून संस्कृत, तिथून भर्तृहरीच्या शेकडो हस्तलिखितांवर आधारलेली १९४८ ची चिकित्सक आवृत्ती. मधेच १९४४ मध्ये आनुवंशिकीतले एक सूत्र, जे आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा तो ग्रंथ.

याचे सगळे श्रेय हार्वर्डच्या टोपलीला देणे भाबडेपणाचे ठरेल. त्या टोपलीतून हजारो मुलांनी विषय उचलले, कोसंबी एकच झाला. शिवाय घरात धर्मानंदांसारखा बाप, ज्याने विद्येसाठी घरदार सोडून पायपीट केली. पण एक गोष्ट मला निश्चित वाटते. विषयाच्या कुंपणापाशी परवानगी मागायची असते, ही सवयच त्या मुलाला लागली नाही. आपल्याकडे ती सवय शाळेतच लावतात आणि मग पदवीला आल्यावर दोन श्रेयांकांनी ती मोडू पाहतात.

कलेच्या इतिहासाविषयी थोडक्यात. हार्वर्डमध्ये तो विषय १८७० च्या दशकात एलियटच्या चुलतभावाने, चार्ल्स एलियट नॉर्टनने, सुरू केला. रस्किनचा मित्र, दान्तेचा भाषांतरकार. त्याच्या वर्गाला तुडुंब गर्दी असे. ऐकणाऱ्यांपैकी काहींचे आयुष्य बदलले आणि काही जण केवळ हलका विषय म्हणून बसले होते, असे दोन्ही सांगितले जाते. मला त्यापेक्षा पुढच्या पिढीतले एडवर्ड फोर्ब्ज जास्त आवडतात. त्यांनी फॉग संग्रहालयात मुलांना जुन्या पद्धतीने रंग घोटायला, अंड्याच्या बलकात कालवायला, ओल्या गिलाव्यावर चित्र काढायला लावले. विद्यार्थ्यांनी त्या अभ्यासक्रमाचे नाव ‘अंडे आणि प्लास्टर’ पाडले होते. जियोत्तो कोण होता हे विसरले तरी ओला गिलावा किती लवकर सुकतो हे हाताला विसरता येत नाही.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, त्रिरश्मी डोंगरावर, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. भिक्षूंना जमीन दिल्याची ती सनद. तीत त्या जमिनीला मिळणाऱ्या सवलती मोजून सांगितल्या आहेत : राजाच्या लोकांनी तिथे शिरू नये, मिठासाठी ती खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. म्हणजे एरवी या सगळ्या गोष्टी गावावर होत असत. भिंतीवर कोरलेली ही करमाफी आहे. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावरचे कोरीवकाम कलेच्या इतिहासात शिकवतात आणि त्याचा लेख प्राचीन इतिहासात. तो खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा आहे आणि तो पहारीखाली कसा वागतो, हे भूगर्भशास्त्रात. कोसंबी पुण्याहून मुंबईला रोज ‘दख्खनच्या राणी’ने जात आणि सवडीने कार्ल्याच्या परिसरात पायी हिंडत. तिथल्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे आणि स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ‘धेनुकाकट’ या गावावर कोसंबींनी १९५५ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

एका लेण्याचा ३० तासांचा ओई कसा असेल, याचा आराखडा मी करून पाहिला. पहिले सहा तास फक्त पाहणे आणि मोजणे, शक्यतो प्रत्यक्ष जागेवर. मग लेख : लिपी ओळखण्यापुरती ब्राह्मी, आणि सवलतींचे शब्द एकेक करून. मग कर, तेव्हाचा आणि आजचा, धर्मादाय संस्थेला मिळणाऱ्या सुटीपर्यंत. मग खडक. शेवटी मुलांनी आपल्या गावातल्या एखाद्या देवळाच्या दानपट्टीची नोंद करून आणायची. संगमरवरी फरशीवर ‘अमुक यांचेकडून रुपये ५०१’ असे लिहिलेले असते तेही साधनच आहे. स्पॅनिश यात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवू नये. त्या भाषेच्या वर्गाने बटाटा आणि टोमॅटो हे शब्द कॅरिबियन बेटांतून आणि मेक्सिकोतून स्पॅनिश-पोर्तुगीज तोंडांनी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसे आले, तिथून आरंभ करावा.

हा आराखडा मी ओळखीच्या दोन प्राध्यापकांना दाखवला, एक इतिहासाचे आणि एक वाणिज्याचे. दोघांनाही तो आवडला. इतिहासाच्या बाईंनी लेण्याच्या भागात दुरुस्त्या सुचवल्या, त्या मी घेतल्या. वाणिज्याच्या सरांनी मात्र कार्यभाराचा तक्ता काढून समोर ठेवला. ओई ज्या विभागाचा, त्याचे तास त्या विभागाला मिळतात, आणि विभागाचे तास भरले नाहीत तर जागा धोक्यात येते. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक विषयापुढे विभागाच्या नावासाठी एकच रकाना आहे. भूगर्भशास्त्राचा विभाग त्यांच्या कॉलेजात नाहीच. बाईंनी विचारले, दोन विभागांची नावे लिहून तास अर्धे-अर्धे दाखवता येतील का. सर म्हणाले, तसा अर्ज करून बघू, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाच्या आत उत्तर आले तर.